पीएफवाले साहेब आणि वकीलसाहेब

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मध्यम कारखान्यात एचआरला विचारा, ‘तुमचं लीगल कोण बघतं?’ बऱ्याचदा नाव येतं ते पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांची रिटर्न भरणाऱ्या कन्सल्टंटचं. माणूस खात्रीचा असतो, नियम तोंडपाठ असतात, सरकारी कार्यालयांत ओळखी असतात. पण तो वकील नसतो. हा फरक बहुतेकांना कळतो तो कोर्टाची नोटीस हातात पडल्यावर.

कन्सल्टंटचं काम महिन्याच्या चक्राला बांधलेलं. 15 तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयचं चलन, प्रोफेशन टॅक्स, रजिस्टरं, परवान्यांचं नूतनीकरण, इन्स्पेक्शन आलं की कागद पुढे करणं. 20 माणसं झाली की पीएफ, 10 झाली की ईएसआय, पगार 21,000 च्या वर गेला की ईएसआयमधून बाहेर, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. या कामासाठी वकील लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं, हे माझं स्पष्ट मत. वकिलाच्या ऑफिसात ते काम शेवटी ज्युनिअरच करणार, आणि कन्सल्टंटपेक्षा वाईट करणार.

अडचण सुरू होते ती वादाच्या कागदापासून.

समजा, फौंड्रीच्या फेटलिंगमधल्या (ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या विभागातल्या) एका कामगारानं सुपरवायझरची कॉलर धरली. एचआर कन्सल्टंटला फोन लावतो, तासाभरात आरोपपत्राचा जुना नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, नाव बदललं की काम झालं. त्यात ‘आपण गैरवर्तन केले आहे’ असं असतं. पण कुठल्या पाळीत, किती वाजता, कोणासमोर, स्थायी आदेशांतल्या (कारखान्याच्या सेवा-शिस्तीच्या नियमांतल्या) कुठल्या कलमाखाली, यातलं काही नसतं. दोन बैठकांत चौकशी उरकते आणि माणूस बडतर्फ होतो. तो युनियनकडे जातो आणि 90 दिवसांच्या आत महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली कामगार न्यायालयात तक्रार दाखल करतो. वकिलाला फोन जातो तो आता.

वकील कितीही मोठा असला तरी त्याला आहे त्याच फाइलवर लढावं लागतं. न्यायालय आधी पाहतं, चौकशी न्याय्य झाली का. आरोपच मोघम असेल तर ती तिथंच कोसळते. मग कंपनीला न्यायालयासमोर नव्यानं पुरावा देऊन आरोप सिद्ध करता येतो, पण तशी मागणी वेळेवर, शक्यतो पहिल्या लेखी उत्तरातच केलेली हवी. तोवर सुपरवायझर दुसऱ्या फौंड्रीत गेलेला असतो आणि साक्षीदाराला काहीच आठवत नसतं. म्हणून बाहेरच्या वकिलाची खरी किंमत आरोपपत्राच्या मसुद्यालाच आहे. निलंबन करायचं का, केलं तर त्या काळातला निर्वाहभत्ता किती (पहिले 90 दिवस निम्मा पगार, पुढे पाऊण), शिक्षा गुन्ह्याच्या मानानं जबर होतेय का, हे त्यानं त्या आठवड्यातच सांगायला हवं.

वकील घेतला तरी त्याला कुठल्या खुर्चीत बसवायचं हा घोळ उरतोच. ज्यानं आरोपपत्र लिहून दिलं त्यालाच चौकशी अधिकारी नेमू नये. मग निष्पक्षतेचा मुद्दा समोरच्याच्या हातात आपणच दिल्यासारखं होतं. कंपनीची बाजू मांडायला कायदा शिकलेला माणूस बसवला, तर कामगारालाही वकील घेऊ द्यावा लागतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या दिलीपकुमार नाडकर्णी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे केव्हाच सांगितलंय. लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीचंही तसंच. तिथल्या बाहेरच्या सदस्याच्या जागी कंपनीचाच वकील बसवणं टाळलेलं बरं, कारण उद्या त्याच अहवालावर वाद झाला तर तो कंपनीसाठी उभा राहणार कसा?

आणखी एक फरक सहसा कोणी सांगत नाही. पक्षकार आणि वकील यांच्यातल्या सल्ल्याला 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात गोपनीयतेचं संरक्षण आहे. कन्सल्टंटला ‘याला काढायचंच आहे, कारण काय दाखवू?’ असा मेल टाकलात तर त्याला ते कवच नाही. पगारावर ठेवलेल्या लॉ ऑफिसरलाही वकिलाइतकं संरक्षण मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये स्पष्ट केलं. शिवाय पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला वकील म्हणून कोर्टात उभंही राहता येत नाही. (असले मेल वकिलालाही न लिहिलेलेच बरे, हा भाग वेगळा.)

उलट बाजूही आहे. युनियनच्या मागणीपत्रावरून सरकारी समेट अधिकाऱ्यापुढे बोलणी सुरू झाली की तिथं वकिलाला पक्षकारातर्फे उभं राहता येत नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात तसं होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तिथं एचआरनंच बसायचं. वकिलानं आदल्या दिवशी तयारी करून घ्यायची आणि कराराचा मसुदा सहीआधी तपासायचा. नव्या कामगार संहितांनुसार पगाराची फोड बदलायची असली तरी दोघं लागतात. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर पीएफसाठी धरायचा पगार किती होतो ते कन्सल्टंट काढेल. हातात येणारा पगार त्यामुळं घटत असेल तर बदलाची 21 दिवसांची नोटीस लागते का, हा प्रश्न वकिलाचा.

पूर्वी कामगार न्यायालयाच्या वरच्या औद्योगिक न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका करायची तर मुंबई गाठावी लागे, आणि ‘एवढ्या लांब कोण जातंय’ या भरवशावर कच्ची फाइलही तरून जाई. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरातच सुरू झालंय. ते कंपनीला जेवढं जवळ, तेवढंच फेटलिंगमधल्या त्या कामगारालाही.