टम्म पोटाचं पिल्लू

कुटाराच्या ढिगात मांजर व्याली की महिन्या-दीड महिन्यात तिची पिल्लं सांदवाडीतून थेट चुलीजवळ येतात. त्यातल्या एखाद्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असतं. आमची आजी असं पिल्लू हातात घेऊन म्हणायची, "पाय, मायचं दूध कसं अंगी लागलं!" घरात सगळ्यांनाच तसं वाटायचं. पण त्याच पिल्लाच्या पाठीवरून बोट फिरवलं तर एकेक मणका हाताला लागतो, केस राठ झालेले असतात. ते पोट दुधानं भरलेलं नसतं, त्यात जंत असतात.

हे बहुतेक वेळा टॉक्सोकॅरा कॅटी जातीचे गोल जंत असतात. शेवईसारखे पांढरट, ३ ते १० सेंटीमीटर लांबीचे. पिल्लानं अजून उंदीर खाल्लेला नाही, मातीत फारसं तोंड घातलेलं नाही, मग जंत आले कुठून? आईच्या दुधातून. कुत्रीच्या पिल्लांना तर गर्भातच जंतांच्या अळ्या मिळतात. मांजरीत त्या दुधातून उतरतात, विशेषतः गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत तिच्या पोटात गेलेल्या. पिल्लू रोज दूध पितं आणि त्यातून नव्या अळ्या येत राहतात. औषध मात्र त्या दिवशी आतड्यात असलेल्या जंतांनाच मारतं. म्हणून एकदा गोळी दिली आणि विसरलो, असं करून भागत नाही. पिल्लू ३ आठवड्यांचं झालं की पहिला डोस द्यायचा. पुढे दूध सुटल्यावर २ आठवडे होईपर्यंत दर १५ दिवसांनी आणि मग ६ महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. पिल्लांसोबत त्याच दिवशी आईलाही औषध हवं. हीच गोष्ट सगळ्यात जास्त चुकते.

दुसरी वाट उंदराची. कणगीतली तूर आणि पोत्यांतलं सोयाबीन राखायला आपण मांजर ठेवतो, तेव्हा ती उंदीर खाणारच. उंदराच्या मांसात गोल जंतांच्या अळ्या दडलेल्या असतात. त्याच्या यकृतात कधीकधी एका पट्टकृमीची, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंताची, पांढरी गाठही असते. हे थांबवणं आपल्या हातात नाही, त्यामुळे मोठ्या मांजरालाही दर ३ महिन्यांनी औषध लागतं. तारखा लक्षात राहत नसतील तर सण धरावेत: अक्षय तृतीया, पोळा, दिवाळी आणि मग फेब्रुवारी. अंतर थोडं पुढेमागे होईल, पण विसरण्यापेक्षा ते बरं.

तिसरी वाट पिसवांची आहे आणि ती मला सगळ्यात विलक्षण वाटते. मांजराच्या शेपटीखाली किंवा ते झोपतं त्या गोणपाटावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात, ताजे असले तर वळवळतातही. ते डायपिलिडियम या पट्टकृमीचे तुकडे, आत अंडी भरलेले. पिसवेची अळी धुळीत राहते आणि ही अंडी खाते. तिची पिसू होते, मांजराच्या अंगावर चढते, चावते. मांजर अंग चाटताना ती गिळतं आणि पट्टकृमी पुन्हा पोटात. म्हणजे नुसतं जंताचं औषध दिलं आणि पिसवा तशाच राहिल्या, तर काही आठवड्यांत तेच दाणे पुन्हा दिसणार. गोणपाट गरम पाण्यात धुवून उन्हात टाकावं, कोपऱ्यातली धूळ झाडून काढावी. औषधातही फरक आहे. पायरँटेल हे औषध गोल जंतांवर आणि आतड्याला आकड्यासारखे चिकटणाऱ्या अंकुश जंतांवर चालतं, पट्टकृमीवर चालत नाही. त्यासाठी प्राझिक्वांटेल लागतं.

उरली माती. गावात घरकुलाचं काम निघालं की अंगणात रेतीचा ढीग पडतो. मांजरांना शौचाला तीच जागा आवडते आणि लेकरांना खेळायलाही तीच. ताज्या विष्ठेतली टॉक्सोकॅराची अंडी लगेच बाधत नाहीत, ऊब आणि ओल मिळाली तर त्यांच्यात अळी तयार व्हायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. हा अवधी आपल्या कामाचा आहे. विष्ठा रोज उचलून विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरली तर साखळी तिथेच तुटते. रेतीवर रात्री ताडपत्री टाकावी. फिनाईल शिंपडून ही अंडी मरत नाहीत, सावलीच्या ओल्या मातीत ती कित्येक महिने टिकतात. लेकराच्या पोटात गेली तर अळी मोठी होत नाही, पण यकृतात किंवा डोळ्यात भटकते आणि नजरही जाऊ शकते. अंकुश जंताची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरते. पायावर खाजणारी नागमोडी लाल रेघ दिसली तर डॉक्टरांना दाखवा. यासाठी मांजर घराबाहेर काढायची गरज नाही. जेवणाआधी साबणानं हात धुणं आणि पायात चप्पल असणं, एवढ्यानं पुष्कळ काम होतं.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. सात नसली तरी दोन-तीन घरं ती बदलतेच आणि जंत, पिसवाही तिच्यासोबत जातात. म्हणून शेजारच्या चार घरांनी ठरवून एकाच दिवशी औषध द्यावं. डोस वजनावर ठरतो. मांजर थैलीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा, थैलीचं वजन वजा करा आणि तो आकडा घेऊन ढोरांच्या दवाखान्यात विचारा.

घरातलं काहीबाही मात्र देऊ नका. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला शाळेत मुलांना मिळते ती अल्बेंडाझोलची गोळी मांजराच्या अस्थिमज्जेला इजा करू शकते. बैलांच्या गोचिडांवर मारायचं औषध तर त्याहून वाईट. त्यातलं सायपरमेथ्रीन किंवा कुत्र्यांच्या औषधातलं परमेथ्रीन मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाही. अंगाला लावलेलं ते चाटतं, थरथरायला लागतं, झटके येतात आणि जीवही जातो. चुकून लागलंच तर कोमट पाण्यानं आणि भांड्याच्या साबणानं लगेच धुवा आणि दवाखाना गाठा.