कुरेदी : प्रवाळबेटांवरची लाकडी मेख

मालदीवमधलं कुरेदू बेट बाहेरच्यांना रिसॉर्टमुळे माहीत असतं. त्याचं नाव मात्र एका झुडपावरून पडलेलं आहे. धिवेही भाषेत या झुडपाला कुरेदी म्हणतात आणि वनस्पतिशास्त्रात पेम्फिस ॲसिड्युला. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर (१७७२-७५) गेलेल्या फॉर्स्टर या निसर्गशास्त्रज्ञ पितापुत्रांनी त्याला हे शास्त्रीय नाव दिलं. ॲसिड्युला म्हणजे किंचित आंबट. पान चावलं की ही चव लगेच कळते.

प्रवाळबेटावर माती नावापुरतीच असते आणि खनिज लोखंड तर नाहीच. होड्या मुख्यतः माडाच्या फळ्यांच्या. त्या फळ्या एकमेकींना धरून ठेवायला मालदीवचे सुतार कुरेदीच्या लाकडाच्या मेखा वापरत. लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजून झिजतो. लाकडी मेख पाणी पिऊन फुगते आणि भोकात आणखी घट्ट बसते. तिथल्या मंत्रतंत्रातले 'खिळे'सुद्धा याच लाकडाचे असत. ज्याच्या भरवशावर समुद्रात जायचं, त्याच लाकडात लोकांना मंत्राची ताकदही दिसावी, हे मला अगदी साहजिक वाटतं. इतरत्र या लाकडाच्या हातातल्या काठ्या, अवजारांचे दांडे, कुंपणाचे खांब, इतकंच काय, होड्यांचे नांगरही होत. मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर त्याला 'ब्वा मातलो', म्हणजे खलाशाचं लाकूड, असं म्हणतात.

हे झुडूप वाढतं तिथे दुसरं काही सहसा तग धरत नाही. लाटांचे तुषार अंगावर घेणारा चुनखडीचा खडक, आणि त्याच्या भेगेत रुतलेलं पिळदार खोड. पानं बोटाच्या पेरापेक्षा फारशी मोठी नाहीत, पण मांसल, आणि त्यांवर राखाडी रेशमी लव. फुलं पांढरी, चुरगळलेल्या पाकळ्यांची. त्या पाकळ्या पाहिल्या की आपल्याला नातं ओळखता येतं: महाराष्ट्राचं राज्यफूल तामण, मेंदी आणि धायटी याच कुळातली. भारतात कुरेदी लक्षद्वीप, अंदमान-निकोबार आणि मन्नारच्या आखातातल्या बेटांवर आढळते. बी पाण्यावर तरंगतं, म्हणूनच पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिकपर्यंत ती पसरली.

आता होड्यांना धातूचे खिळे सहज मिळतात, पण झुडपाच्या मागचा धोका टळला नाही. वाऱ्याने वाकवलेलं तेच खोड बोन्सायवाल्यांना हवं असतं. फिलिपीन्समध्ये त्याला बंतिगे म्हणतात. किनाऱ्यावरून मुळासकट उपटून ते कुंड्यांत गेलं, इतकं की सरकारला त्याचं नाव संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत घालावं लागलं. रोप तयार करून त्याचं बोन्साय करायला कुणाची हरकत नसावी. पण कुरेदी फार सावकाश वाढते; कुंडीत शोभणारं जाड खोड व्हायला खडकावर कित्येक दशकं जातात, आणि ते उपटायला एक सकाळ पुरते.