आधीचा पगार विचारण्यामागचा इतिहास

मुलाखती पार पडतात, ऑफर जवळपास पक्की होते आणि एचआरचा मेल येतो: मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप पाठवा. बहुतेक जण त्या लगेच पाठवून देतात. या एका मागणीत दोन वेगळी कामं मिसळलेली असतात. एक, उमेदवार खरं बोलला का हे पाहणं. दुसरं, त्याला किती द्यायचं हे ठरवणं. ती एकत्र कशी आली हे पाहिलं की काय पाठवायचं आणि कधी, याचा अंदाज येतो.

कामगाराच्या मागच्या नोकरीची चौकशी जुनी आहे, पण तिचा भर सुरुवातीला पगारावर नव्हता. ब्रिटनमध्ये घरगडी ठेवताना आधीच्या मालकाचं चारित्र्यपत्र मागत, आणि १७९२ मध्ये खोटं चारित्र्यपत्र देणं-वापरणं हा कायद्याने गुन्हा ठरला. फ्रान्सची पद्धत जास्त जाचक होती. नेपोलियनच्या अमलात, १८०३ साली, कामगारांसाठी ‘लिव्रे’ नावाची पुस्तिका आली. कामावर कधी लागला, कधी सुटला, मालकाकडून घेतलेली उचल किती बाकी आहे, हे सगळं तीत नोंदलेलं असे. जुन्या मालकाने सुटकेची नोंद केल्याशिवाय नवं काम मिळणं अवघड होतं. उचल बाकी असेल तर ती नव्या मालकाने मजुरीतून कापायची. म्हणजे माणूस कारखाना सोडून गेला तरी त्याचा हिशेब त्याच्या मागे जाई. पुढे १८५४ च्या कायद्याने मालकांना त्या पुस्तिकेत बरावाईट शेरा मारायला मनाई केली, आणि १८९० मध्ये ती सक्तीच संपली.

पगाराचा आकडा एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागला तो मुख्यतः करामुळे. ब्रिटनमध्ये १९४४ पासून आयकर थेट पगारातून कापला जाऊ लागला. तिथे नोकरी सोडताना पी-४५ हा फॉर्म मिळतो, आणि त्यावर त्या करवर्षात तोवर मिळालेला पगार आणि कापलेला कर लिहिलेला असतो. नव्या ठिकाणी कर बरोबर कापला जावा म्हणून तो द्यायचा. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. हा कागद रुजू होण्याच्या वेळी जातो आणि त्याची गरज पगार काढणाऱ्या विभागाला असते. पगाराची बोलणी करणाऱ्याला त्याची काहीच गरज नसते.

मग ही माहिती विकत मिळू लागली. १९९५ मध्ये टॅल्क्स या अमेरिकी कंपनीने ‘द वर्क नंबर’ ही सेवा सुरू केली. कंपन्यांनी कर्मचाऱ्यांच्या नोकरीची आणि पगाराची माहिती तिच्याकडे द्यायची, आणि बँकांपासून नव्या मालकांपर्यंत ज्यांना पडताळणी हवी त्यांनी ती तिथून घ्यायची. २००७ मध्ये इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीने टॅल्क्स विकत घेतली. अमेरिकेतल्या कर्मचाऱ्याला तिथली आपली नोंद मागवता येते आणि चूक असेल तर हरकत घेता येते. नोकरी बदलण्याआधी ती जरूर पाहावी. आपला पगार किती हे आपण एक सांगतो आणि नोंद दुसरंच सांगते, असं व्हायला नको.

या प्रथेचा सगळ्यात मोठा अन्याय कोर्टात उघडा पडला. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो काउंटीच्या शिक्षण कार्यालयात नव्या माणसाचा पगार आधीच्या पगारात पाच टक्के मिळवून ठरत असे. २००९ मध्ये तिथे गणिताच्या सल्लागार म्हणून लागलेल्या एका बाईंना पुढे कळलं, की तेच काम करणाऱ्या पुरुषांना आपल्यापेक्षा जास्त पगार आहे. नियम सगळ्यांना सारखा होता, आणि नेमकी तीच अडचण होती: आधीच्या नोकरीत कमी मिळालं, म्हणून इथेही कमी. ‘रिझो विरुद्ध योविनो’ हा त्यांचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आला. शेवटी २०२० मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागासाठीच्या, संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला, की १९६३ च्या समान वेतन कायद्याखाली आधीचा पगार हे कमी वेतनाचं समर्थन होऊ शकत नाही.

तोवर कायदेही बदलू लागले होते. आधीचा पगार विचारण्यावर बंदी घालणारं पहिलं अमेरिकी राज्य मॅसॅच्युसेट्स. कायदा २०१६ मध्ये झाला आणि २०१८ मध्ये अमलात आला. त्याने पडताळणी सरसकट बंद केली नाही. पगारासह ऑफर ठरल्यावर ती करता येते. न्यूयॉर्क राज्यात २०२० पासून, ऑफर मिळाल्यावर उमेदवाराने जास्त पगार मिळवण्यासाठी स्वतःच जुना आकडा पुढे केला, तरच मालक तो तपासू शकतो. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशात जुना पगार विचारायलाच मनाई केली, आणि सुरुवातीचा पगार किंवा तो किती ते किती या दरम्यान असेल हे उमेदवाराला आधी कळवणं मालकावर बंधनकारक केलं. सदस्य देशांना हे लागू करण्यासाठी ७ जून २०२६ ही मुदत दिली.

बंदी नाही तिथेही याच क्रमाने चालणं मला योग्य वाटतं. आकडा ठरायच्या आधी कोणी विचारलं तर या पदासाठी किती तरतूद आहे ते विचारावं, आपली अपेक्षा सांगावी, आणि कागदपत्रं लेखी ऑफरनंतर देतो असं सरळ म्हणावं. हे उद्धटपणाचं नाही. ऑफर हातात आल्यावर पडताळणीला हरकत घेण्याचं कारण उरत नाही, फक्त कोणता कागद कशासाठी हवा हे विचारून घ्यावं. सॅलरी स्लिप पुरत असेल तर पूर्ण बँक स्टेटमेंट देऊ नये. द्यावंच लागलं, तर पगाराव्यतिरिक्तच्या नोंदी झाकू का असं विचारून त्या उघडपणे झाकाव्यात, पण आकड्यांना हात लावू नये. आकडा तोंडी सांगितला असेल तर मूळ पगार, बोनस आणि शेअर वेगवेगळे सांगितलेले बरे, कारण स्लिपवर बोनस बऱ्याचदा दिसत नाही आणि खरं बोलणारा माणूसही खोटा ठरतो. आणि सध्याच्या कंपनीला फोन करण्याआधी मला कळवा, हे मेलवर लिहून ठेवावं.