‘समाधान’ की ‘तृप्ती’: सीमाभागातल्या दवाखान्यांना गुण कसे पडत गेले

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात दवाखाना चांगला की वाईट हे ठरवायची रीत जुनी आहे. गावातलं कुणीतरी ॲडमिट होऊन घरी आलेलं असतं, त्याच्याकडं चौकशी होते आणि ‘तिथं नको, सिस्टर लक्ष देत नाहीत’ एवढ्या एका वाक्यावर गाडी दुसऱ्या दवाखान्याकडे वळते. कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब पडतं म्हणून चंदगडकडचे लोकही बेळगावलाच येतात आणि त्यांची निवडही अशीच होते. हे तोंडी मत गेल्या दहा-बारा वर्षांत फॉर्मवर, एसएमएसवर आणि टक्केवारीत उतरलं. उतरताना त्यातला सिस्टरचा भाग मात्र बराचसा गळून गेला.

तो भाग मुळात मोजला जातच नव्हता असं नाही. १९८३ साली अमेरिकेत परिचारिकांची टंचाई असताना १६३ रुग्णालयं पाहिली गेली आणि परिचारिका जिथं टिकून राहतात अशी ४१ रुग्णालयं वेगळी काढली. प्रश्न साधा होता: इथल्या बायका नोकरी सोडून का जात नाहीत? पुढं तिथंच २००६ पासून रुग्णांसाठी एकसारखी प्रश्नावली आली आणि २००८ पासून तिचे निकाल जाहीर होऊ लागले. त्या प्रश्नावलीची सुरुवातच परिचारिकांपासून होते. ‘तुम्ही खूश आहात का’ असं ती विचारत नाही. सिस्टरनी तुमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं का, समजेल अशा भाषेत सांगितलं का, असं विचारते, आणि उत्तरं असतात कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी. इंग्लंडमध्ये २०१३ च्या फेब्रुवारीत एका रुग्णालयातल्या हेळसांडीचा मोठा चौकशी अहवाल आला. नातेवाइकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्याही तक्रारी वर्षानुवर्षं कानाआड झाल्या होत्या, हे त्यात दिसलं. तिथल्या कर्मचाऱ्यांना आता विचारलं जातं, की तुमच्या घरचं माणूस इथं दाखल केलं तर चालेल का. माझ्या मते एखाद्या दवाखान्याबद्दल विचारण्याजोगा याहून नेमका प्रश्न नाही.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानकं २०१३ मध्ये आली. तपासणीला येणारा माणूस स्वतः पाहतो, नोंदी चाळतो, कर्मचाऱ्यांना विचारतो आणि रुग्णालाही विचारतो, आणि प्रमाणपत्रासाठी ७० टक्के गुण लागतात. या मानकांत रुग्ण आणि कर्मचारी या दोघांच्याही समाधानाची पाहणी धरलेली आहे. म्हणजे कागदावर सिस्टरचं मत पहिल्यापासून आहे. पण २०१५ साली ‘कायाकल्प’ आलं आणि सगळ्यांची नजर स्वच्छतेच्या बक्षिसांवर गेली. २०१६ मध्ये केंद्र सरकारचं ‘मेरा अस्पताल’ हे अभिप्राय घेणारं पोर्टल सुरू झालं, ते पूर्णपणे रुग्णासाठी. केसपेपरवरच्या मोबाइल नंबरवर एसएमएस किंवा कॉल येतो. तुम्ही समाधानी नसाल तर कारण विचारतात: कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च, उपचारांचा दर्जा की आणखी काही.

कल्पना चांगली, यात शंका नाही. पण जांबोटी किंवा कणकुंबीकडच्या म्हातारीच्या केसपेपरवर नंबर असतो पुण्यात किंवा गोव्यात कामाला असलेल्या मुलाचा. वॉर्डात आठ दिवस काढले तिनं, आणि एसएमएस वाजतो त्याच्या खिशात.

त्याहून मोठी अडचण शब्दाची आहे. इंग्रजीतल्या ‘सॅटिस्फॅक्शन’साठी कन्नडमध्ये ‘तृप्ती’ सरसकट चालतं. मराठी कानाला तृप्ती म्हणजे पोटभर जेवण, ढेकर आणि पानाचा विडा. ऑपरेशन झालेल्या माणसाला ‘तृप्ती आहे का’ विचारलं तर तो दवाखान्यातल्या जेवणाबद्दल बोलू लागेल. बरं, ‘समाधान’ हा शब्द कन्नडमध्येही आहे, पण तिथं त्याचा अर्थ धीर, सांत्वन. रडणाऱ्याला ‘समाधान माडको’ म्हणतात, म्हणजे शांत हो, सावर स्वतःला. आणि मराठीत तरी समाधान कुठं सरळ आहे? ‘आहे त्यात समाधान मानावं’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामुळं ‘समाधानी आहात का’ याला ‘नाही’ म्हणणं हे तक्रार करण्यापेक्षाही कृतघ्नपणाचं वाटतं. सुखदुःख विचारणाऱ्या परक्याला आपण ‘बरं हाय’ म्हणतो, तसंच हे उत्तर येतं. एकाच संस्कृत घरातले हे दोन शब्द दोन भाषांत दोन वाटांनी गेले, आणि सीमाभागातल्या वॉर्डात ते एकाच फॉर्मवर भेटतात.

इथं भाषेचा जुना प्रश्नही येतो. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत द्यावेत, हे तत्त्व राज्य पुनर्रचनेनंतरच्या काळात मान्य झालं. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा असलेले १८ टक्क्यांच्या वर आहेत. खानापूर तालुक्यात हे प्रमाण कितीतरी जास्त. पण अभिप्रायाचा फॉर्म ना सूचना, ना नियम. सरकार लोकांना काय सांगतं याची भाषा ठरली, सरकार लोकांना काय विचारतं याची ठरली नाही. मला ही फट फार महत्त्वाची वाटते, कारण ती रोज सिस्टर भरून काढते.

दोन वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या माझ्या आत्याला बेळगावच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. डिस्चार्जच्या दिवशी ड्यूटीवरची सिस्टर फॉर्म घेऊन आली, कन्नड आणि इंग्रजीतला. आत्याला दोन्ही वाचता येत नाही. सिस्टरनं मराठीत विचारलं, “मावशी, सगळं चांगलं होतं न्हवं?” आत्या म्हणाली, “व्हय बाई, चांगलंच की.” सगळ्यांत वरच्या खान्यांत खुणा झाल्या, खाली अंगठा उमटला. त्याच्या आदल्या रात्री दोनच्या सुमारास सलाईन संपून नळीत रक्त वर चढलं होतं आणि मी कॉरिडॉरभर सिस्टरला शोधत पळत होतो. ती पलीकडच्या वॉर्डात होती, दोन वॉर्डांत मिळून एकटीच. गाडीत बसल्यावर मी आत्याला म्हटलं, हे सांगायला हवं होतंस. ती म्हणाली, “त्या पोरीचं नाव कशाला खराब करू? एकटीच हुती ती.”

आत्यानं गुण दिले त्या मुलीला, आणि जमा झाले दवाखान्याच्या खात्यावर. रात्री वॉर्डात माणूस कमी आहे हे त्या दोघींनाही पक्कं ठाऊक होतं. एकीला विचारलं ते चुकीच्या शब्दात, दुसरीला विचारलंच नाही. शिवाय ज्या बाईच्या कामाला गुण पडायचे, तिच्याच हातानं फॉर्म भरून घेतला जातो. यावर दोन मतं आहेत. तिच्याशिवाय रुग्णाची भाषा जाणणारं वॉर्डात कुणी नसतं, हे खरंच. पण ज्याची तपासणी त्याच्याच हाती पेन, हे कुठल्याही परीक्षेत चालत नाही.

परिचारिकेचं मत हा काही भावनेचा मामला नाही. २०१२ मध्ये युरोपातले १२ देश आणि अमेरिका इथल्या रुग्णालयांचा अभ्यास झाला. जिथल्या परिचारिकांनी कामाची परिस्थिती बरी असल्याचं सांगितलं, तिथल्या रुग्णांनीही रुग्णालयाला चढे गुण दिले होते. २०१४ मध्ये ९ युरोपीय देशांतल्या ४ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं, की परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आपल्याकडचा निकष आहे वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात ३ रुग्णांमागे १ परिचारिका आणि इतर ठिकाणी ५ मागे १, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं लहान खासगी रुग्णालयांतही परिचारिकेला महिना किमान २० हजार पगाराची शिफारस केली. जिथं तो मिळत नाही, तिथली हात बसलेली सिस्टर गोव्याला, बंगळूरला नाहीतर आखातात जाते.

मधल्या घडामोडींत आवाज इतरांचाच मोठा राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावच्या अधिवेशनात खासगी दवाखान्यांच्या कायद्यातली दुरुस्ती आली, राज्यभर ओपीडी बंद पडल्या, डॉक्टर बेळगावात जमले आणि शेवटी सौम्य केलेला मसुदा मंजूर झाला. वाद झाला डॉक्टरांच्या तुरुंगवासाचा आणि उपचारांच्या दरांचा. परिचारिकांबद्दल त्यात काही वाचल्याचं मला आठवत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं आपली आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकानं हरकत घेतली. तेव्हाही भांडण झालं कार्ड कुणाचं यावर. त्या कार्डावर उपचार घेऊन आलेल्या माणसाला कसं वाटलं, हे कुठल्या राज्यानं आणि कुठल्या भाषेत विचारायचं, ते तसंच राहिलं.

सिस्टरचा अभिप्राय मात्र रोज लिहिला जातो. ड्यूटी बदलताना ओव्हर देतात तेव्हा रिपोर्ट बुकात नोंद पडते: किती पेशंट, किती स्टाफ, कुठलं सक्शन बंद, कुणाचं सलाईन कधी संपेल. आत्याच्या त्या रात्रीची नोंदही कुठल्यातरी पानावर असेल. वही भरली की कपाटात जाते, आणि सकाळी नवीन फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर येतो.