डिफरन्शिअल ऑइल (आरसी ट्रक)

आरसी (रेडिओ कंट्रोल, रिमोटवर चालणाऱ्या छोट्या) ट्रकच्या डिफरन्शिअलमधे, म्हणजे सगळे ज्याला नुसतं डिफ म्हणतात त्यात, भरायचं घट्ट सिलिकॉन ऑइल. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकं वेगवेगळ्या स्पीडनं फिरावीत यासाठी डिफ असतो, पण त्यामुळंच एक चाक हवेत गेलं की सगळा जोर त्या मोकळ्या चाकाकडं जातो आणि ट्रक पुढं सरकत नाही. सांगली-साताऱ्यात हे बघितलेलं असतं, उसाची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर रानात रुतला की ड्रायव्हर पायानं डिफ लॉक दाबतो ते यासाठीच. बहुतेक आरसी ट्रकला असा लॉक नसतो, तिथं ते काम थोडंफार ऑइल करतं. घट्ट ऑइलमधून आतले स्टार गिअर जड फिरतात आणि दोन चाकांच्या स्पीडमधे फरक जितका जास्त तितकं ऑइल जास्त अडवतं.

घट्टपणा सेंटीस्टोकमधे मोजतात, बाटलीवर सीएसटी लिहिलेलं असतं आणि तो आकडा २५ अंश तापमानाचा असतो. पाणी साधारण १, शॉकअपचं ऑइल काहीशे, डिफचं १,००० पासून ५,००,००० आणि त्याच्याही वर. शॉकअपच्या बाटलीवर डब्ल्यूटी (वेट, घट्टपणाचं दुसरं माप) असेल तर तो हिशोब वेगळा, ३० डब्ल्यूटी म्हणजे सुमारे ३५० सीएसटी, आणि हेही कंपनीनुसार थोडं बदलतं.

फोर व्हील ड्राइव्हमधे, म्हणजे चारही चाकांना जोर मिळतो त्या ट्रकमधे, पुढं, मधे, मागं असे तीन डिफ असतात (काही ट्रकमधे मधला नसतोच, तिथं स्लिपर क्लच, म्हणजे जोराचा झटका आला की घसरणारा क्लच). सगळ्यात जास्त फरक मधल्यानं पडतो. मधलं ऑइल पातळ असेल तर जोरात थ्रॉटल दिला की ट्रकचं तोंड उचलतं, पुढची चाकं हलकी होतात आणि जोर त्यांच्याकडं जाऊन वाया जातो, टायर फुगून गरगरतात. घट्ट केलं की जोर मागं पण राहतो, ट्रक सुटतो पण आणि व्हीली पण मारतो, म्हणजे पुढची चाकं उचलून मागच्यांवर पळतो. पुढचं घट्ट केलं तर थ्रॉटलवर वळणातून ओढून बाहेर काढतं, थ्रॉटल सोडल्यावर मात्र तोंड कमी वळतं. मागचं घट्ट केलं तर सरळ पकड चांगली, पण वळणात शेपूट लवकर सुटतं, म्हणून मागं सहसा सगळ्यात पातळ.

एक-अष्टमांश (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याच्या मापाच्या) रेसिंग बगीत पुढं ५,०००, मधे ७,०००, मागं ३,००० ही बऱ्याच जणांची सुरुवात असते. मॉन्स्टर ट्रकची चाकं मोठी आणि जड, त्याला तेवढं पुरत नाही, पुढं-मागं १०,००० आणि मधे ३०,००० च्या आसपास सुरू करावं. लोक पहिल्याच दिवशी मधे पाच लाख ओततात ते बरोबर नाही, ट्रक वळणार नाही आणि अ‍ॅक्सलवर विनाकारण ताण येईल. एका वेळी एकच डिफ बदलावा, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही.

आणि माती बघावी. जत, कवठेमहांकाळ किंवा माण-खटावकडं मुरूम, खडे आणि खाचखळगे, चाकं सारखी उचलतात, तिथं मधलं घट्ट चालतं. कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भुसभुशीत होते, तिथं पुढचं पातळ ठेवलं की वळवणं सोपं जातं, पावसात ती चाकाला चिकटते आणि मग ऑइलपेक्षा टायरच महत्त्वाचा. कासच्या पठारावर मात्र ट्रक नेऊच नये, ते २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि तिथली फुलं जांभ्यावरच्या पातळशा मातीत उगवतात. एप्रिल-मेच्या उन्हात ऑइल पातळ होतं, चालताना डिफ आणखी तापतो, त्यामुळं उन्हाळ्यात एक पायरी घट्ट घेतलेलं बरं.

हवा तो आकडा मिळाला नाही तर मिक्स करता येतं पण सरासरी धरू नये. १,००० आणि १,००,००० समसमान मिसळलं तर पन्नास हजार नाही, दहा हजारांच्या आसपास येतं, पातळ ऑइल खूप खाली ओढतं.

भरताना जुनं पूर्ण पुसून घ्यावं, गिअरच्या मधल्या पिना बुडतील इतपतच भरावं, बुडबुडे वर यायला वेळ द्यावा आणि वर थोडी जागा सोडावी, काठोकाठ भरलं की तापून फुगतं आणि ओरिंगमधून (रबरी सीलमधून) गळतं. साध्या खेळण्यातल्या ट्रकच्या डिफला सील नसतं, त्यात ऑइल थांबतच नाही, तिथं ग्रीसच घालावं. उघडल्यावर ऑइल राखाडी आणि चमचमतं दिसलं तर गिअर झिजतायत, नवीन ऑइल ओतायच्या आधी गिअर आणि शिम (गिअरमागचे पातळ वॉशर) तपासावेत.