घराला ऊन लागतं तेव्हा

उन्हाळ्यात दुपारी उकडणार हे आपण धरूनच चालतो. वैताग येतो तो रात्रीच्या उकाड्याचा. सूर्य मावळून चार-पाच तास झालेले असतात, खिडकीबाहेर हात काढला तर हवा बरी लागते, पंखा पाचावर असतो आणि तरी वरच्या मजल्यावरच्या खोलीत गादी, उशी, भिंत, ज्याला हात लावावा ते गरम. दोष आपण हवेला देतो. हिशेब मांडला तर हवेचा वाटा फारच किरकोळ निघतो.

तीन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशी खोली घेऊ. तिच्यात ३६ घनमीटर हवा मावते आणि या हवेचं वजन ४० किलोच्या आसपास भरतं. (हवा एवढी जड असेल असं सहसा कोणाला वाटत नाही.) ती सगळी एका अंशाने तापवायला साधारण ४० किलोज्यूल उष्णता पुरते. आता डोक्यावरचा १२ सेंटीमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब पाहा. त्याचं वजन जवळपास साडेतीन टन. तो एका अंशाने तापायला सुमारे ३,००० किलोज्यूल लागतात, म्हणजे हवेच्या सत्तरेक पट. भिंती आणि फरशी अजून धरलेल्याच नाहीत. उष्णतेचा खरा साठा घराच्या बांधकामात असतो, आणि दिवसभर आपण तो भरू देतो.

भर दुपारी, निरभ्र आकाशात, एका चौरस मीटरवर जवळपास १,००० वॅट ऊन पडतं. ते शोषून गच्चीचा पृष्ठभाग तापतो आणि ती उष्णता काँक्रीटमधून हळूहळू खाली झिरपते. या प्रवासाला काही तास लागतात. त्यामुळे बाहेर दुपारचा कडाका ओसरला, तरी स्लॅबची खालची बाजू संध्याकाळनंतरही तापलेलीच असते. तापलेली प्रत्येक वस्तू अवरक्त (इन्फ्रारेड) प्रारण बाहेर टाकते. ते डोळ्यांना दिसत नाही, अंगाला मात्र बरोबर कळतं. आल्हाददायक वातावरणात नुसतं बसलेलं शरीर आपली निम्म्याच्या आसपास उष्णता या प्रारणाच्या वाटेनेच भोवतालच्या थंड भिंतींना देत असतं. आपली त्वचा असते ३४-३५ अंशांवर. छत ४० अंशांवर गेलं की व्यवहार उलटा होतो आणि छतच आपल्याला उष्णता देऊ लागतं. खोलीत टांगलेला तापमापक मुख्यतः हवेचं तापमान सांगतो, म्हणून त्याच्यावर ३२ दिसत असतानाही जीव घाबराघुबरा होऊ शकतो.

हे एकदा ध्यानात आलं की उपायांचा क्रम आपोआप ठरतो. पहिलं काम, ऊन घराच्या आत येण्याआधीच अडवायचं. खिडकीच्या काचेतून ऊन सहज आत शिरतं, पण तापलेल्या वस्तूंचं अवरक्त प्रारण काचेतून परत बाहेर जात नाही. म्हणून आतल्या बाजूला लावलेला जाड पडदा अर्धवटच काम करतो. ऊन पडद्यावर अडतं खरं, पण पडदा तापतो तो खोलीच्या आतच. तीच सावली काचेच्या बाहेरून धरली, चटईने, बांबूच्या पडद्याने, झाडाने, कशानेही, तर उष्णता बाहेरच्या बाहेर राहते. पश्चिमेच्या खिडकीकडे विशेष लक्ष द्यावं. तिथे सूर्य खाली आलेला असतो, वरचा छज्जा उपयोगी पडत नाही, आणि दिवसभर तापलेल्या घराला शेवटचा दणका तिथूनच बसतो.

गच्चीच्या बाबतीत पांढऱ्या रंगाला तोड नाही. गडद पृष्ठभाग बहुतेक ऊन गिळतो, तर ताजा, चांगला पांढरा रंग त्यातलं बहुतेक परत पाठवतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये बेरियम सल्फेट वापरून असा रंग बनवला, की तो ९८.१ टक्के ऊन परावर्तित करतो आणि भर उन्हातही भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहतो. साधा पांढरा रंग तिथवर पोचत नाही, पण त्याचा फरक खालच्या खोलीत जाणवतो. धूळ बसली की तो फरक घटतो, त्यामुळे गच्ची अधूनमधून धुवावी लागते.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारणं ही जुनी युक्ती. ती हिशेबातही बसते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे स्लॅबवरून सव्वा लिटर पाणी पूर्ण वाळलं आणि त्यासाठीची सगळी उष्णता स्लॅबनेच दिली, तर तो एका अंशाने उतरतो. प्रत्यक्षात थोडी उष्णता हवेतूनही येते, तरी फायदा उरतोच. पाण्याचा पातळ शिडकावा पुरतो. तळं साचवलं तर गळती आणि डास एवढंच पदरात पडतं.

दुसरं काम रात्रीचं. दिवसा बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल तोवर खिडक्या बंद, आणि बाहेर गार झालं की सताड उघड्या. दिवसा खिडक्या लावून बसणं अनेकांना पटत नाही, कोंडल्यासारखं वाटतं. एक तापमापक आत आणि एक बाहेर सावलीत टांगून बघावा, वाद मिटतो. आत गॅस पेटलेला असेल तर मात्र हवा खेळती हवीच. रात्रीची हवा आतल्यापेक्षा पाच अंशांनी थंड आहे असं धरलं, तर एकट्या स्लॅबला एका अंशाने उतरवायला खोलीतली हवा निदान पंधरा वेळा पूर्ण बदलावी लागते. त्यामुळे झोपण्यापूर्वी तासभर खिडकी उघडून भागत नाही. समोरासमोरच्या खिडक्या रात्रभर उघड्या हव्यात. वारा पडलेला असेल तर टेबलफॅन एका खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवावा. तो आतली गरम हवा ढकलून देतो आणि दुसऱ्या खिडकीतून गार हवा ओढली जाते. समुद्राकाठच्या दमट हवेत दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक पडत नाही, तिथे या उपायाचा लाभ कमी.

आता पंखा. तो खोली थंड करत नाही. उलट त्याची मोटर खाते ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. जुन्या छतपंख्याचे ७५ वॅट, कमी वीज खाणाऱ्या नव्या बीएलडीसी पंख्याचे तीसेक. म्हणून रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही. पंखा थंड करतो तो माणसाला. स्वस्थ बसलेला माणूसही जवळपास १०० वॅट उष्णता तयार करतो. ती सगळी घामावाटे जायची, तर तासाला दीडशे मिलिलिटर घाम वाळायला हवा. नुसता ओघळलेला घाम वाया जातो, आणि वाळायला वारा लागतो. पण हवा त्वचेपेक्षा बरीच गरम झाली की तोच वारा अंगावर उष्णता ओतू लागतो. जागतिक आरोग्य संघटना ४० अंशांच्या वर पंख्याच्या भरवशावर राहू नका असं सांगते. वृद्धांना घाम कमी येतो, त्यांची मर्यादा त्याच्याही आधी येते. अंगावर पाण्याचा फवारा मारून किंवा ओल्या फडक्याने हात, मान, चेहरा पुसून पंख्याखाली बसलं, तर घामाचं काम ते पाणी करतं आणि शरीरातलं पाणी वाचतं.

कूलर म्हणजे हाच प्रकार यंत्रात घातलेला, आणि त्याचं सगळं यश हवेच्या कोरडेपणावर. हवा ४२ अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने ती जास्तीत जास्त २४ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगला कूलर २७-२८ पर्यंत नेतो. हवा ३४ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर तळच ३० अंशांचा. तिथे कूलर फक्त चिकचिक वाढवतो. कूलर लावून दारं-खिडक्या घट्ट बंद करणारे तर स्वतःच खोलीत दमटपणा कोंडून घेतात. त्याला बाहेरची कोरडी हवा आत यायला आणि आतली ओलसर हवा बाहेर जायला, दोन्ही वाटा लागतात.

तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातल्यावर तो जिथे थांबतो, तोच हा तळ. माणसाच्या सहनशक्तीचं मापही त्याच्यातच आहे. हे ओलं तापमान ३५ अंशांवर गेलं तर निरोगी माणूसही तग धरू शकत नाही, असं शेरवुड आणि ह्यूबर या हवामानशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडलं. पुढे पेनसिल्व्हेनियात तरुण, धडधाकट लोकांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा शरीराचा तोल ३१ अंशांच्या आसपासच सुटू लागल्याचं दिसलं.

एसी हवेतलं बाष्पही काढतो. १९०२ मध्ये अमेरिकी अभियंता विलिस कॅरियर यांनी ही यंत्रणा रचली, ती मुळात छापखान्यातला कागद दमटपणाने वेडावाकडा होऊ नये म्हणून. पण एसीलाही हवेबरोबर स्लॅबच्या साठ्याशी झुंजावं लागतं. सावली आणि पांढरी गच्ची असेल तर त्याचं काम हलकं होतं, आणि जोडीला पंखा लावला तर दोन-तीन अंश जास्तीवर ठेवूनही चालतं. फ्रिजचं दार उघडं ठेवून खोली गार करण्याच्या नादी मात्र लागू नये. फ्रिज आतली उष्णता मागच्या नळ्यांतून त्याच खोलीत सोडतो, वर मोटरची भर घालतो.

१९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक माणसं दगावली. नंतरच्या पाहणीत धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये एकट्याने राहणं, घराबाहेर न पडणं आणि सर्वांत वरच्या मजल्यावर राहणं, या तिन्ही गोष्टी निघाल्या. तेव्हा लाटेच्या दिवसांत घरातल्या म्हाताऱ्या माणसांची झोपायची जागा खालच्या मजल्यावर हलवावी. त्यांना तहान उशिरा लागते, उकाडाही उशिरा जाणवतो, म्हणून ते ‘मला काही होत नाही’ म्हणाले तरी पाणी विचारत राहावं. कोणी असंबद्ध बोलू लागलं, अंग भट्टीसारखं तापलं किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. आधी रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत जोराने वारा घालत राहावं.