सिलिकोनच्या कालथ्याला वास का लागतो?

परवा भांड्यांच्या दुकानात लाल कालथा हातात घेतला, तर दुकानदार म्हणाला, "प्लास्टिक नाही काका, सिलिकॉन आहे. वाळूपासून बनतं, एकदम नॅचरल." आता सिलिकॉन हे मूलद्रव्य, कालथा असतो सिलिकोनचा. त्यातलं सिलिकॉन वाळूतून येतं हे खरं, पण त्याला चिकटलेले मिथिल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे तुकडे) येतात मिथेनॉलपासून, म्हणजे बहुतेक वेळा नैसर्गिक वायू नाहीतर कोळशातून. आणि नॅचरल म्हणाल तर धोतराही नॅचरलच.

प्लास्टिकचे रेणू म्हणजे लांब साखळ्या, आणि त्यांचा कणा बहुधा कार्बनचा असतो. सिलिकोनचा कणा सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन-ऑक्सिजन असा. हा बंध कार्बन-कार्बनपेक्षा बळकट, म्हणून कालथा कढईतल्या तापाला टिकतो. पण खरी गंमत ऑक्सिजनपाशी आहे. तिथला कोन चांगला ऐसपैस, सुमारे 145 अंशांचा, आणि तो बिजागरीसारखा सहज हलतो. त्यामुळे उणे 40 अंशांतही हे रबर मऊ राहतं. साखळ्या अशा सैल वळवळत असल्या की मध्ये फटी राहणारच. तेल आणि वासाचे रेणू त्यांत शिरतात. लसणाची फोडणी केल्यावर कालथा दोनदा घासूनही वास येतो तो यामुळे.

आत जाता येतं तिथून बाहेरही पडता येतं. साखळ्या तयार होताना काही तुकडे स्वतःचंच शेपूट धरून कडी बनतात. चार सिलिकॉनची डी4, पाचाची डी5. लांब साखळी पोटात गेली तर तशीच बाहेर पडते. गॅसेसच्या गोळीतला सिमेथिकोन त्याच जातीचा. कड्या मात्र लहान आणि तेलात विरघळणाऱ्या. डी4 प्रजननक्षमतेला बाधक असल्याचा संशय युरोपीय संघाने वर्गीकरणातच नोंदवला आहे. म्हणून चांगला कारखानदार माल विकण्याआधी तासन् तास भट्टीत भाजतो, कड्या उडवून लावतो. जर्मनीतली शिफारस अशी की 200 अंशांवर चार तास ठेवल्यावर 0.5 टक्क्याहून जास्त द्रव्य उडता कामा नये.

पिळल्यावर पांढरं पडलं की भरावाची, म्हणजे आत मिसळलेल्या भुकटीची भेसळ, ही व्हॉट्सअ‍ॅपवरची परीक्षा सोडून द्या. भराव उत्तम सिलिकोनमध्येही असतो, बारीक सिलिकाचा.

पर्यावरणात कड्या जातात त्या मुख्यतः शाम्पू-क्रीममधून. 2020 पासून युरोपात धुऊन टाकायच्या प्रसाधनांत डी4 आणि डी5 वर प्रत्येकी 0.1 टक्क्याची मर्यादा आहे, कारण त्या पाण्यात आणि गाळात रेंगाळतात. काही कड्या सांडपाण्याच्या गाळातून निघणाऱ्या जळाऊ वायूत मिसळतात. त्या वायूवर चालणाऱ्या इंजिनात त्या जळतात आणि सिलिंडरच्या आत पांढरा, कडक थर बसतो. सिलिकाचा, म्हणजे रासायनिकदृष्ट्या वाळूचाच. तो खरवडून काढावा लागतो.